ड्राय फूड कुत्र्याला चांगलं की वाईट? आधी पिशवीची मागची बाजू वाचा

ड्राय फूडने कुत्र्याची किडनी खराब होते, हे सोसायटीच्या बागेत कुत्रा फिरवणाऱ्या कुणाकडूनही ऐकायला मिळतं. त्याच बागेत दुसरं कुणीतरी तितक्याच ठामपणे सांगतं की घरचं काहीही देऊ नका, फक्त पिशवीतले हे कोरडे दाणे द्या. दोघांचंही ऐकू नका. वयात आलेल्या, धडधाकट कुत्र्याला संपूर्ण आहार म्हणून बनवलेले चांगले दाणे आयुष्यभर चालतात. निरोगी कुत्र्याची किडनी निव्वळ कोरड्या दाण्यांमुळे जाते, याला आधार नाही. पण कोणतीही पिशवी, कितीही, कशीही ठेवलेली चालते, असा त्याचा अर्थ होत नाही. दाण्यांवर वाढलेल्या कुत्र्यांचं जे बिघडतं, ते बहुतेक वेळा मापात, दाण्यांवर घातलेल्या गोष्टींत आणि साठवणीत बिघडतं. या तिन्ही गोष्टी कंपनीच्या नव्हे, आपल्या हातात असतात.

आधी दाणा बनतो कसा ते पाहू, कारण त्याचे गुण-दोष तिथेच ठरतात. तांदळाची कणी, मका, गहू, सोयापेंड, सुकवून दळलेली मांस-हाडांची पूड असं सगळं एकत्र बारीक करतात. त्यात वाफ आणि पाणी सोडून मळल्यासारखं मिश्रण तयार होतं आणि ते एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून दाबाखाली पुढे ढकललं जातं. आत तापमान साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअस. तोंडाशी फिरणारी पाती त्याचे तुकडे करतात. बाहेर पडताक्षणी दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा फुगतो. मग ड्रायरमध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आणतात. सगळ्यात शेवटी वरून चरबीचा, तेलाचा आणि चवीच्या अर्काचा फवारा मारतात. कुत्रा वेडा होतो तो या शेवटच्या फवाऱ्यामुळे. त्यामुळे 'आमचा आवडीने खातो' हे पौष्टिकपणाचं प्रमाणपत्र नव्हे.

दाणा फुगायला आणि एकत्र धरून राहायला पिष्टमय पदार्थ लागतोच. म्हणून 'ग्रेन फ्री' लिहिलेल्या पिशवीतही कार्बोहायड्रेट असतात. फक्त तांदूळ-गव्हाच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा किंवा टॅपिओका येतो. कुत्र्याला शिजलेला स्टार्च पचत नाही हेही खरं नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम असावा.

ग्रेन फ्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कारण नसताना घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने) जुलै २०१८ मध्ये अशा खाण्याचा आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराचा संबंध असू शकतो, असा इशारा दिला. वाटाणा, मसूर, इतर कडधान्यं किंवा बटाटा यादीत वरच्या क्रमांकावर असलेलं खाणं प्रामुख्याने संशयाखाली होतं. नेमकं कारण सिद्ध झालं नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये, ठोस नवीन माहिती हाती येईपर्यंत जाहीर आकडेवारी देत राहणं एफडीएने थांबवलं. म्हणजे आरोप साबीत नाही, पण फायदाही साबीत नाही आणि पैसे मात्र जास्त जातात. खाज सुटली म्हणून ग्रेन फ्रीकडे वळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कुत्र्यांत अन्नाची ॲलर्जी असलीच तर ती बहुधा बीफ, दूध किंवा चिकनची निघते. गहू त्यानंतर येतो. आणि आपल्या दमट हवेत खाजेचा पहिला संशय पिसवा, गोचीड आणि बुरशीवर घ्यावा, खाण्यावर नंतर.

उष्णतेने थायमिन, अ जीवनसत्त्व यांसारखे घटक कमी होतात आणि लायसिन या अमिनो आम्लाचा काही भाग शरीराला वापरता येत नाही. चांगला उत्पादक हे धरूनच मिश्रणात आधी जास्तीचं घालतो. घटकांच्या यादीच्या शेवटी रसायनांची लांबलचक नावं दिसतात ती बरीचशी हीच जीवनसत्त्वं आणि खनिजं. त्यांना घाबरण्याचं कारण नाही. ती नसती तरच घाबरावं.

आता पिशवी उलटी करा. पुढच्या बाजूचं चकचकीत चिकन, गाजर, हिरवे वाटाणे हे सगळं विसरा.

पहिलं शोधायचं ते 'संपूर्ण आणि संतुलित आहार' अशा अर्थाचं वाक्य आणि ते कोणत्या वयासाठी आहे याचा उल्लेख. सोबत अमेरिकेच्या आफ्को किंवा युरोपच्या फेडियाफ या संस्थांच्या मानकांचा संदर्भ असेल तर उत्तम. 'पूरक आहार' किंवा 'ट्रीट' असं लिहिलं असेल तर त्यावर कुत्रा जगवायचा नसतो. एफएसएसएआयचा क्रमांक शोधत बसू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या 'अन्न' या व्याख्येत जनावरांचं खाद्य येतच नाही.

आफ्कोचे किमान आकडे असे: वयात आलेल्या कुत्र्यासाठी प्रथिनं १८ टक्के आणि चरबी ५.५ टक्के, पिल्लांसाठी प्रथिनं २२.५ आणि चरबी ८.५ टक्के. पण हे आकडे पाणी वजा करून उरलेल्या कोरड्या भागावरचे आहेत. पिशवीवरचा आकडा पाण्यासकट असतो, म्हणून तुलना करण्याआधी एक भागाकार करावा लागतो. दाण्यांवर प्रथिनं २४ टक्के आणि ओलावा १० टक्के असेल, तर २४ भागिले ९०, म्हणजे जवळपास २७ टक्के. ग्रेव्हीच्या पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि ओलावा ८० टक्के असेल, तर ८ भागिले २०, म्हणजे ४० टक्के. वरवर पाहता दाण्यांच्या एक तृतीयांश वाटणारा पाऊच प्रत्यक्षात पुढे निघतो.

कार्बोहायड्रेटचा आकडा पिशवीवर बहुधा नसतोच. तो काढायला प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख यांची बेरीज शंभरातून वजा करायची. राख म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं. आकडा दिला नसेल तर ८ धरा. २४ + १० + ५ + १० + ८ = ५७, म्हणजे कार्बोहायड्रेट सुमारे ४३ टक्के. साध्या दाण्यांत हे नेहमीचं प्रमाण आहे. ५५-६० च्या पुढे गेलं तर तुम्ही मुख्यत्वे धान्याचे पैसे देताय.

एक गोम प्रथिनांच्या आकड्यातही आहे. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. नायट्रोजन कोंबडीतून आला, सोयापेंडीतून आला की पिसांच्या पुडीतून, हे त्या आकड्यात दिसत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत याचाच गैरफायदा उघडकीला आला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नायट्रोजन वाढवून दाखवण्यासाठी मेलामाइन हे रसायन मिसळलं होतं. ते सायन्युरिक आम्लाबरोबर मूत्रपिंडात स्फटिक बनवत होतं. अनेक कुत्री-मांजरं दगावली आणि कितीतरी ब्रँडचा माल परत मागवावा लागला. जास्त फटका ओल्या डबाबंद खाण्याला बसला होता, दाण्यांना कमी.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन कच्च्या मालाचं. 'ताजं चिकन' पहिल्या क्रमांकावर दिसतं तेव्हा त्यातलं सुमारे सत्तर टक्के पाणी असतं आणि ते ड्रायरमध्ये उडून जातं. 'चिकन मील' आधीच सुकवलेलं, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावरचं मीलसुद्धा प्रत्यक्षात जास्त प्रथिनं देत असू शकतं. दुसरी चलाखी म्हणजे एकच धान्य तोडून लिहिणं: तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा. तिन्ही एकत्र केले तर तांदूळ पहिल्या क्रमांकावर जातो आणि चिकन खाली सरकतं. 'मांस आणि मांसजन्य पदार्थ' असा मोघम उल्लेख असेल तर प्राणी दर खेपेला बदलू शकतो. ॲलर्जीवाल्या कुत्र्यासाठी असली पिशवी बाद.

टिकवण्यासाठी घातलेल्या बीएचए, बीएचटी या रसायनांवरून बरीच हाकाटी होते. टिकवण्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या इथॉक्सिक्विनची खाद्यातली परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली, तेव्हा ते टाळावं. ई जीवनसत्त्वाच्या टोकोफेरॉलवर टिकवलेलं खाणं मला जास्त पटतं, पण ते उघडल्यावर लवकर खवट होतं, हेही त्यासोबत स्वीकारावं लागतं. खवट चरबी खाऊ घालण्यापेक्षा मोजूनमापून घातलेलं बीएचटी परवडलं.

आता माप. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

अमेरिकेत १९८७ पासून चौदा वर्षं चाललेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर होते, एकाच वेतातल्या जोड्या लावलेले. जोडीतल्या एकाला मिळेल त्यापेक्षा दुसऱ्याला २५ टक्के कमी खाणं. खाणं तेच, दाणेच. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं निघालं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीवर उपचारांची वेळही उशिरा आली. अभ्यास खाद्य बनवणाऱ्या कंपनीचाच होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्याचा निष्कर्ष 'कमी घाला' असा असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पिशवी बदलून कुत्र्याचं आयुष्य पावणेदोन वर्षांनी वाढल्याचं मला ठाऊक नाही; माप बदलून वाढलं हे इथे दिसतं.

किती घालायचं याचं गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजन किलोत घ्या, स्वतःशी गुणून घन काढा (१० × १० × १० = १०००), मग त्याचं वर्गमूळ दोनदा काढा (३१.६, मग ५.६२) आणि ७० ने गुणा: ३९४. ही दहा किलोच्या कुत्र्याची आराम करतानाची रोजची गरज, किलोकॅलरीत. नसबंदी झालेल्या, रोज नीट फिरणाऱ्या कुत्र्यासाठी ती १.६ ने गुणा, नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने. फ्लॅटमध्ये दिवसभर पंख्याखाली पडून असणाऱ्याला १.२ ते १.४ पुरे. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ३, पुढे वाढ संपेपर्यंत २.

पिशवीवर कॅलरी दिल्या नसतील तर शंभर ग्रॅममधल्या प्रथिनांना ३.५, चरबीला ८.५ आणि कार्बोहायड्रेटला ३.५ ने गुणून बेरीज करा. वरच्या उदाहरणात ८४ + ८५ + १५०.५, म्हणजे शंभर ग्रॅमला साधारण ३२० किलोकॅलरी. दहा किलोच्या, फिरत्या, नसबंदी झालेल्या देशी कुत्र्याची गरज ६३०, म्हणजे दिवसाला जवळपास २०० ग्रॅम. तीस किलोच्या फ्लॅटवासी लॅबची गरज १.४ च्या हिशेबाने १२५५, म्हणजे ३९० ग्रॅम. हे दिवसाचं एकूण माप, एका वेळचं नव्हे. पिशवीवरचा तक्ता बहुधा यापेक्षा सढळ असतो.

माप वजनकाट्यावर करा. स्वयंपाकघरातला दोन-चारशे रुपयांचा डिजिटल काटा चालतो. वाटी, मग, डबा यांत दरवेळी फरक पडतो. दाणा लहान झाला की तेवढ्याच वाटीत जास्त ग्रॅम मावतात. आणि घरात तीन माणसं प्रत्येकी 'मीच घातलं नाही वाटतं' म्हणून घालत असतील तर काटाही कामाचा नाही. सकाळी दिवसाचं माप एका डब्यात काढून ठेवायचं, जे द्यायचं ते त्यातूनच.

गणित ही सुरुवात आहे, अंतिम उत्तर कुत्र्याच्या अंगावर असतं. हलक्या हाताने दाबल्यावर बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. तुमची मूठ वळून बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या तशा टोकदार लागल्या तर कुत्रा बारीक, उलट्या तळहातासारख्या लागल्या तर ठीक, अंगठ्याखालच्या मांसल भागासारख्या लागल्या तर लठ्ठ. वरून पाहिलं की कंबर दिसावी, बाजूने पाहिलं की पोट मागे वर गेलेलं दिसावं. दर दोन आठवड्यांनी वजन, त्यानुसार माप दहा टक्क्यांनी कमी-जास्त. लॅबवाल्यांनी 'त्याला सारखी भूक लागते' यावर जाऊ नये. जवळपास चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी जनुकात असा बदल असतो की पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं.

बारीक करायचं असेल तर गणित आजच्या वजनावर नव्हे, हव्या असलेल्या वजनावर करा आणि १.० ने गुणा. ३८ किलोच्या लॅबला ३२ वर आणायचं तर ९४० किलोकॅलरी, म्हणजे याच दाण्यांचे २९० ग्रॅम. पण नेहमीचे दाणे इतके कमी केले की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि खनिजंही कमी पडतात. म्हणून इथे वजन कमी करण्यासाठी बनवलेलं खाणं डॉक्टरांना विचारून घ्यावं. उतार आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के असावा, जास्त नको.

वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा असतो. दहा किलोच्या कुत्र्याचे हे होतात ६३. एक मारी बिस्किट सुमारे २५, तूप लावलेली एक पोळी शंभराच्या वर. सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं आणि रात्री एक पोळी एवढ्यावर हिशेब अडीचपट जातो, आणि कुणालाच तो 'खाणं' वाटत नाही.

दाण्यांवर काय घालता यात दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे अर्धे दाणे, अर्धा भात. स्वस्त पडतं, कुत्रा खूश असतो, पण दाण्यांतली जीवनसत्त्वं-खनिजं पूर्ण मापासाठी मोजलेली असतात. अर्धं माप घातलं की तीही निम्मी. वयात आलेला कुत्रा हे काही काळ निभावून नेतो, पिल्लू नाही. चवीसाठी घालायचंच तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, वाफवलेला लाल भोपळा, चमचाभर दही. सगळं त्याच दहा टक्क्यांत. आमटी, रस्सा, बिर्याणीचा मसाला नको. कांदा आणि लसूण शिजवले तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुका एकही नको.

दुसरी चूक मोठी आहे आणि ती प्रेमापोटी होते: पिल्लांच्या दाण्यांवर कॅल्शियमचं सिरप. पिल्लू घरी आलं की दाण्यांबरोबर कॅल्शियमची बाटलीही येते, दुकानदारच देतो. पिल्लांच्या दाण्यांत कॅल्शियम आधीच पूर्ण असतं. आफ्कोप्रमाणे कोरड्या भागाच्या किमान १.२ टक्के. वयात आलेल्या कुत्र्याचं आतडं जास्तीचं कॅल्शियम बरंचसं शोषत नाही, पण काही महिन्यांच्या पिल्लाला ते नाकारता येत नाही, येईल तेवढं आत जातं. हाडांच्या टोकांशी कूर्चेचं हाड होण्याची क्रिया बिघडते, सांधे दुखतात, पाय वाकतात. ग्रेट डेन, लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींना हा धोका सर्वांत जास्त, आणि सिरप सर्वांत जास्त पाजलं जातं तेही त्यांनाच. पाय वाकलेले दिसले की मालक डोस वाढवतो! मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा १.८ टक्के आहे. पिशवीवर 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असा स्पष्ट उल्लेख पाहा आणि बाटली बंद करा.

कॅल्शियम लागतं ते फक्त चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला. बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. हिशेब जुळवायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि चार महिन्यांचं पिल्लू सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडून घेतं. घरचं खाणं वाईट नसतं, पण ते कागदावर मोजून बनवावं लागतं. २०१३ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. नुसती दूध-पोळी तर त्या यादीच्याही बाहेरची. शाकाहारी घरात कुत्रा असेल तर दूध-पोळीपेक्षा संपूर्ण आहार म्हणून बनवलेले शाकाहारी दाणे केव्हाही बरे. कुत्र्याचं त्यावर निभू शकतं, मांजराचं नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. दाण्यांत दहा टक्के पाणी, ओल्या खाण्यात पाऊणशे. म्हणजे दाणे खाणाऱ्या कुत्र्याला जवळपास सगळं पाणी वाडग्यातून प्यावं लागतं: किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बरंच जास्त. निरोगी कुत्रा ते पितो. मुतखड्याची सवय असलेला, किडनीचा आजार झालेला किंवा म्हातारपणी पाणी प्यायलाच न उठणारा कुत्रा मागे पडतो. त्यांच्यासाठी ओलं खाणं किंवा भिजवलेले दाणे बरे. भिजवायला कोमट पाणी, दाण्याइतकंच, पंधरा-वीस मिनिटं. उकळतं पाणी ओतू नका, त्याने जीवनसत्त्वं आणखी जातात. भिजलेलं खाणं तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या, मे महिन्यात अर्ध्या तासात. ओल्या दाण्यांत जंतू झपाट्याने वाढतात. कोरड्या दाण्यांतही साल्मोनेला सापडलेला आहे, कारण वरचा फवारा उष्णतेनंतर बसतो. म्हणून वाडगा रोज साबणाने, हातही.

दाण्यांनी दात साफ होतात हे विसरा. बहुतेक कुत्री दाणा चावतच नाहीत. चावला तरी तो दाताच्या टोकावर फुटतो, हिरडीजवळचा थर तसाच राहतो. दातांसाठी वेगळे, मोठे आणि चिवट दाणे मिळतात. ब्रश त्याहून स्वस्त.

छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाचं सगळं एकाच वेळी घालू नका, दोन-तीन वेळा विभागून द्या. पोट फुगलंय, ओकारीचा प्रयत्न चाललाय पण काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी डॉक्टरकडे. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात तासांचा खेळ असतो.

ब्रँड बदलताना पहिले दोन दिवस पाव भाग नवे दाणे, मग दोन दिवस अर्धे, मग पाऊण, आठवड्याने पूर्ण. एका दिवसात बदललं की जुलाब होतात आणि दोष नव्या खाण्यावर जातो. बदल झाल्यावर तीन आठवडे शी पाहा. उचलली तर जमिनीवर डाग राहू नये, मोडली तर भुगा होऊ नये. तेवढ्याच खाण्यात शीचा ढीग मोठा होत गेला तर खाणं कमी पचतंय. भारी पिशवी कधीकधी स्वस्त पडते ती इथेच: जास्त पचतं, म्हणून कमी घालावं लागतं. किलोचा भाव नका पाहू, हजार किलोकॅलरीचा भाव काढा.

राहिली साठवण, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ती सर्वांत नाजूक. वरची चरबी हवेने खवट होते, ओलाव्याने बुरशी धरते. मका आणि शेंगदाणा पेंडीवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते. हे विष शिजवून पूर्ण जात नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत 'स्पोर्टमिक्स'चे दाणे याच कारणाने परत मागवले गेले. जानेवारी २०२१ पर्यंत एफडीएकडे ११० हून अधिक कुत्री दगावल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तिथे मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती थोडं पुरतं ते बघा.

म्हणून महिन्याभरात संपेल तेवढीच पिशवी घ्या. पाच किलोच्या पॉमेरियनला रोज ११५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन किलोची. दहा किलोवाल्याला सहा किलो. तीस किलोच्या लॅबला दहा-बारा. वीस किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून पॉमेरियनसाठी आणलं तर शेवटचे दहा किलो खवटच खाऊ घालणार. पेट शॉपमध्ये उघड्या पोत्यातून सुटे दाणे किलोवर मिळतात, ते घेऊ नका, रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालायलाही नको. तारीख नाही, बॅच नाही, पोतं कधी फोडलं माहीत नाही. दाणे प्लास्टिकच्या बरणीत ओतू नका. पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि पिशवीचं तोंड चिमट्याने बंद करा. बरणीच वापरायची तर प्रत्येक पिशवी संपल्यावर ती साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कारण तळाशी चिकटलेली जुनी चरबी नवे दाणेही नासवते. डबा गॅसजवळ, बाल्कनीत किंवा ओल आलेल्या भिंतीला लागून नको. फ्रीजही नको, बाहेर काढल्यावर दाण्यांवर पाणी सुटतं.

नेहमी तुटून पडणारा कुत्रा अचानक वाडग्याकडे पाठ फिरवत असेल तर लाड समजू नका, आधी दाण्यांचा वास घ्या. जुन्या तेलासारखा किंवा कुबट वास, दाणे एकमेकांना चिकटलेले, तळाशी भुकटी हलताना दिसते, यातलं काहीही असलं तर खाणं बंद. सोबत उलट्या, मलूलपणा, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर आणि यकृताची रक्ततपासणी. जाताना दाण्यांची पिशवी बरोबर न्या. बॅच क्रमांक आणि तारखेचा फोटो काढून ठेवा, आणि पाव-अर्धा किलो दाणे बंद पिशवीत बाजूला काढा. तपासायची वेळ आली तर प्रयोगशाळेला तेच लागतात, आणि तोवर ते घरातल्या कुणीतरी कचऱ्यात टाकलेले असतात.